कुलूप लावलं ना?

"तू थांब, म्या एकदा बघून येतो," असं म्हणून मामा माझ्या गाडीवरून उतरायचे. गाडी तेव्हा कारखान्यापासून दोन किलोमीटर पुढं आलेली असायची. उतरून ते सरळ उलटे चालायला लागायचे, म्हणजे मला झक मारत गाडी वळवावी लागायची. त्यांच्या तोंडून "एकदा" हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता दुसऱ्या कुणी म्हटला तरी माझं डोकं उठतं.

तेरखेड्याच्या एका फटाक्याच्या कारखान्यात ते गोदाम सांभाळायचे आणि मी रजिस्टर लिहायचो. नात्यानं मामा नव्हेत, अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. आमचं गाव एक, गल्ली एक, म्हणून येणंजाणं माझ्या गाडीवर. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावलं की ते सात वेळा ओढून बघायचे. तोंडानं मोजायचे. मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. पॅकिंगच्या बाया हे ओळखून होत्या. नेमकं पाचव्याला त्या हाक मारायच्या, "मामा, चहा घेतला का?" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या हसून घरी जायच्या, मी मात्र गाडीवर बसून राहायचो.

वाटेत सुरू व्हायचं.

"लावलं ना?"

"लावलं, मामा."

"तू बघितलंस?"

"बघितलं हो."

"तसं न्हाय. डोळ्यांनी बघितलंस का?"

आता माणूस आणखी कशानं बघतो? पण घरी लवकर जायचं म्हणून मी शपथा घ्यायचो. आईची झाली, खंडोबाची झाली, पोरांची झाली. अकरा वर्षं हेच चाललं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. फार काळजी करतो बिचारा, असं म्हणून आपण त्याला सोडून देतो. मीही तेच केलं.

मग एक दिवस मामी आमच्या दारात येऊन बसल्या आणि रडायलाच लागल्या. लेकीला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, आणि लेक माहेरी यायला तयार नव्हती. मागच्या खेपेला आली तेव्हा मामांनी तिला गॅस बंद आहे का ते बघायला जेवणावरून पाच वेळा उठवलं होतं. संभाजीनगरहून तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, मी तिकडं येणार नाही. बाबांनाच इकडं आण. माझं घर तरी बघितलंय का त्यांनी?" बघितलं नव्हतंच. कुलूप सोडून मामा एक रात्र कुठं राहिले नव्हते.

"लोक काय म्हणतील?" मामी म्हणाल्या. "बाप जिता असून लेक माहेराला येत न्हाय."

मामाही मागोमाग येऊन आमच्या ओट्यावर मान खाली घालून बसले होते. "मला कळतंय रे," ते म्हणाले. "कुलूप लावलंय हे मला ठावं असतंय. पण हितं छातीत कुणीतरी म्हणतंय, न्हाय लावलं. म्या काय करू?" अकरा वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

इलाजाची वरात निघाली. मामींच्या भावानं आधी एका देवरुष्याकडं नेलं. त्यानं कुलपाला मंतरलेलं लिंबू बांधायला दिलं. झालं, मामा आता सात वेळा कुलूप आणि सात वेळा लिंबू बघायला लागले. मग बार्शीला एका डॉक्टरकडं गेलो. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मामा दिवसभर पेंगायचे आणि पेंगत पेंगत कुलूप ओढायचे. शेवटी धाराशिवला मनाच्या डॉक्टरचा पत्ता लागला, तर आम्ही ते नसतात नेमक्या त्या दिवशी जाऊन थडकलो. येताना येरमाळ्यापर्यंत मी मामांशी एक शब्द बोललो नाही. ते बोलत होते. कशाबद्दल, ते सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा ओसीडी नावाचा आजार आहे, तीच ती शंका पुन्हा पुन्हा येण्याचा. वेड नाही, बाहेरचं नाही, तुमचा दोषही नाही." गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, गोळ्यांनी अर्धं काम होईल, उरलेलं अर्धं शिकावं लागेल. शिकवायला दर गुरुवारी लातूरहून एक समुपदेशक बाई यायच्या. वयानं मामांच्या लेकीएवढ्या.

मामांनी त्यांनाच पहिला प्रश्न टाकला. "बाई, तुमी येताना घराला कुलूप लावलं का?"

"लावलं असेल," बाई म्हणाल्या. "आता आठवत नाही."

मामांचा चेहरा असा झाला की आत्ता उठून लातूरला जातात. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही विचारता तेव्हा उत्तर कोण देतं?" मामांनी आणि मामींनी, दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे या आजाराला रोज खाऊपिऊ तुम्ही घालताय," बाई मला म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक शपथेनं मामांना दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी जास्त शपथा लागतात. मला राग आला. अकरा वर्षं पेट्रोल माझं, शपथा माझ्या, आणि वर हे. पण रागाच्या खाली मला लाजही वाटली. मी त्या शपथा मामांसाठी घेत नव्हतो, माझ्या गरम भाकरीसाठी घेत होतो.

मालकांनी वेगळाच ताप दिला. "बरा कशाला करता त्याला? फटाक्याच्या दारूचं काम आहे, असा माणूस मिळत नाही." मी त्यांना गोदामाच्या मागं नेलं आणि आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादल्या दाखवल्या. निम्म्या रिकाम्या होत्या. मामांचा सगळा जीव कुलपात, वाळू भरायची कुणी?  मालकांनी बादल्या त्याच दिवशी भरून घेतल्या, आणि मामांना गुरुवारची सुट्टी मिळाली.

बाईंचा अभ्यास साधा होता, पण जीव काढणारा. सातावरून पाच, पाचावरून तीन, मग एक. ओढून झालं की मागं फिरायचं नाही, कुणाला विचारायचंही नाही. छातीत होईल ते होऊ द्यायचं, ते आपोआप उतरतं. आणि मी एवढंच म्हणायचं, "मला ठाऊक नाही, मामा."

पहिल्या संध्याकाळी मी तसं म्हणालो. मामा गाडीवरून उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. घामानं सदरा भिजला. "तुझी माझी काय दुश्मनी हाय का रे?" म्हणाले. आईवरून शिव्या दिल्या, त्याही मोजून. पाऊण तास मी उभा. तोंडाशी आलेलं "लावलंय हो" मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. पण ते मागं फिरले नाहीत. आपणहून उठले, गाडीवर बसले. दुसऱ्या दिवशी अर्धा तास, पुढच्या आठवड्यात उलट वाढून एक तास. सरळ रेषेत काही झालं नाही. दोनदा तर त्यांनी मला चकवून कारखान्याकडं परत जाणाऱ्या टेम्पोला हात केला.

लेकीचे दिवस भरत आले. मामी पुढं गेल्या. मग एका सकाळी मामांनी गोदामाचं कुलूप एकदा ओढलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि फाट्यावर संभाजीनगरच्या एसटीत बसले. खिडकीतून काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी मला बजावून ठेवलं होतं, तिथून कुलपाचे फोन येतील, उचलू नका.

आले. संध्याकाळी सातपासून नऊ वेळा. मी मोबाईल उलटा करून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, घ्या की." मी म्हणालो, "घेतला तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात." मला स्वतःचा अभिमानही वाटला.

सकाळी लेकीचा फोन आला. "दादा, बाबा तुमच्यावर रुसलेत. काल मुलगी झाली. सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं त्यांना."

 तेवढ्यात मामांनीच फोन घेतला.

"पहिले दोन कुलपाचे व्हते," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मंग नर्सबाईनं पोरगी हातात दिली. पुढचे सात तिचे व्हते. तू एक उचलला न्हाईस."

"चुकलं, मामा. कशी आहे?"

"माझं बोट धरून निजलीय. सोडत न्हाय."

"आणि येणार कधी?"

"बघू की. घाई काय हाय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आज तीन महिने झाले, अजून आलेले नाहीत.