बंड्याला बोलवायची रीत

एखादं कुत्रं भुंकत अंगावर आलं की भाऊ तिथेच उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "दमानं, राव. आपल्याला कुटं गाडी गाठायचीय?" ते भुंकत असेपर्यंत त्याला काही मिळायचं नाही. गप्प झालं रे झालं, की खिशातला भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे.

मुलांनो, हे भाऊ आळेफाट्याला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे आणि आमच्या शेजारी राहायचे. तेव्हा आमच्याकडे बंड्या कुत्रा होता. घरामागे ऊस, उसात बिबट्या. त्या वर्षी आळीतली दोन कुत्री त्याने नेली होती. म्हणून दिवेलागणीच्या आत बंड्या घरात हवा, हा माझा नियम. तो मला पाठ होता, बंड्याला नव्हता. हाका मारून घसा बसला की स्वारी यायची. मग मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके द्यायची. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर.

भाऊंनी एकदा कुंपणापलीकडून विचारलं, "बाई, कशापायी मारताय?"

"उशिरा आला म्हणून."

"त्याला घड्याळ कुटं कळतंय? त्याला वाटतं, घरी गेलं की मार बसतो."

इतकी वर्षं शाळेत शिकवलेली मी. गुंडाळी उलगडून ठेवली आणि म्हटलं, "मग तुम्हीच शिकवा."

शिकवणी सुरू झाली. बंड्याची कमी, माझीच जास्त. आधी अंगणातच दहा पावलांवरून हाक. आला की लगेच भाकरी, पाठीवरून हात. मग फाटकापासून, मग बांधावरून. कितीही उशिरा आला तरी रागवायचं नाही. मी "गुड बॉय" म्हणाले की भाऊ हसायचे. "इंग्रजीत बी चालंल. पर तोंड हसरं ठेवा. पेपर तपासल्यावानी बघू नका."

महिन्याभराने एका संध्याकाळी बंड्या उसाच्या कडेला हुंगत उभा होता. पलीकडच्या मळ्यातून कुणीतरी ओरडलं, "उसात वाघ हाय, कुत्रं घ्या आत." बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. तोंड हसरं ठेवून मी लाडिक आवाजात हाक मारली. पहिल्याच हाकेला तो धावत आला. त्या दिवशी त्याला अख्खी भाकरी मिळाली, वर तूप.

पुढच्या वर्षी भाऊंची बदली घाटघरच्या बाजूला झाली. आम्ही फाट्यावर पोचवायला गेलो. एस.टी. सुटली आणि बंड्या पट्ट्यातून मान सोडवून तिच्यामागे धावला, भर रस्त्यात, ट्रकांच्या मधून. भाऊंनी खिडकीतून ते पाहिलं. त्यांचा हात बाहेर होता, तो त्यांनी आत घेतला आणि काच ओढली. हात दिसेल तोवर बंड्या धावणार, हे त्यांना ठाऊक.

मी हाक मारली. बंड्या थबकला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत आला. त्याला कुरवाळून मी मान वर केली, तोवर एस.टी. जुन्नरच्या रस्त्याला लागली होती. काच अजून बंदच होती.