शिकागोनंतर कोण?

स्मिता घाग लग्न करून आखातातल्या रुवैसला आली तेव्हा तिच्या माहेरी, लांज्यात, ते गाव कुणाच्याच ऐकण्यात नव्हतं. शेजारणींनी विचारलं की तिची आई सरळ "दुबई" म्हणून मोकळी व्हायची. नवरा वासुदेव तिथल्या रिफायनरीत ऑपरेटर. कंपनीची वसाहत, छोटा बाजार, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नजर पोहोचेल तिथवर वाळू.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका दुपारी पोटात कळ आली आणि रक्त जायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब अबुधाबीला हलवायला सांगितलं. अडीच तासांचा रस्ता. अँब्युलन्समध्ये वासुदेव तिचा हात धरून बसला होता आणि ड्रायव्हरला सारखं "यल्ला भाई, जल्दी" म्हणत होता. वाटेतल्या तरिफच्या पुढे कुठेतरी पोटातली हालचाल थांबली. स्मिताला ते कळलं. वासुदेवला मात्र तिने सांगितलं नाही. पोहोचेपर्यंत त्याला आशा राहू दे, असं तिला वाटलं. मुलगा होता.

नंतर काव्या झाली. तिला या भावाबद्दल कुणी काही बोललं नाही. लपवायचं असं ठरलं नव्हतं, पण विषय निघाला नाही आणि पुढे तो काढणं अवघड होऊन बसलं. काव्या सातवीत गेल्यावर मायलेकी दुबईत अल बर्शाला राहायला आल्या. वासुदेव रुवैसलाच राहिला. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार इकडे, असंच त्याचं वय वाढलं.

काव्या इंजिनियर झाली आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांच्या एका ऑफिसात लागली. तिच्या डोक्यात मात्र तळी होती. गोड्या पाण्याची, पलीकडचा काठ दिसणार नाही एवढी मोठी तळी. त्यांचाच अभ्यास करायला तिने अमेरिकेत अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून होकार आला. एक शिकागो, दुसरं ड्युलुथ. शिकागोचा अभ्यासक्रम शहरांच्या पाणीपुरवठ्याचा होता. ड्युलुथमध्ये तळंच दाराशी होतं.

त्या शनिवारी वासुदेवचे दोन जुने मित्र जेवायला आले होते. सुजीत शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज चालवायचा, राजन एका बँकेत होता. कोळंबीचं कालवण संपता संपता वासुदेवने विषय काढला. "हे ड्युलुथ म्हणजे नेमकं काय रे? कधी ऐकलंयस?"

"अमेरिकेच्या त्या मधल्या पट्ट्यात, मिडवेस्टमध्ये, शिकागोच," राजन म्हणाला. "त्याच्यावर वादच नाही. दोन नंबरला कोण, ते बोला."

"डेट्रॉइट!" सुजीतने टेबलावर हात आपटला. "अख्ख्या जगाला गाड्या दिल्या त्या गावाने."

"दिल्या ना? आता काय आहे तिथे? मिनियापोलिस म्हण. केवढ्या कंपन्यांची हेड ऑफिसं आहेत! माझा मावसभाऊ आहे तिकडे."

"मावसभाऊ आहे म्हणून शहर मोठं होतं काय?"

काव्याला हसू आलं. "अंकल, बाय पॉप्युलेशन, कोलंबस. डेट्रॉइट पण नाही, मिनियापोलिस पण नाही."

"कोलंबस? ते तर माणसाचं नाव!" सुजीत म्हणाला. मग क्लीव्हलँड निघालं, सेंट लुईस निघालं, एअरपोर्ट कुणाचा मोठा यावर आवाज चढले. ड्युलुथचं नाव कुणीच घेतलं नाही. शेवटी वासुदेव म्हणाला, "बघ काव्या, एवढा वेळ बोलतोय आम्ही, तुझं गाव यादीतच नाही."

"बाबा, इट्स नॉट अ कॉम्पिटिशन."

"मी सांगतो काय असतं ते. कुठे असता म्हणून कोणी विचारलं आणि आपण रुवैस म्हटलं, की समोरचा 'कुठे?' म्हणतो. आयुष्यभर हे ऐकलंय मी. तुझ्या वाट्याला ते नको."

राजनने सहज विचारलं, "मिनियापोलिसपासून लांब आहे का गं ते?"

"अडीच तास. बाय कार."

स्मिता भात वाढत होती. तिचा हात थांबला. "तिथून दवाखाना किती लांब?" तिने विचारलं.

"वहिनी, पोरगी शिकायला चाललीय, ॲडमिट व्हायला नाही," सुजीत म्हणाला आणि सगळे हसले. वासुदेवही हसला. मग त्याची नजर स्मिताकडे गेली आणि तो ताटात बघायला लागला.

"आई, गावातच मोठी हॉस्पिटल्स आहेत. आजूबाजूचे सगळे तिथेच येतात," काव्या म्हणाली. स्मिताने मान हलवली आणि भाताचं पातेलं घेऊन आत गेली. लेक खरं बोलत होती, हे तिला पटत होतं. तरी ती ओट्याशीच उभी राहिली, पुन्हा बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी काव्यासाठी गरम कपडे बघायला मेट्रोने निघाल्या. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. काव्याने विचारलं, "काल तुला काय झालं होतं?"

स्मिताने सांगून टाकलं. रस्ता, तरिफ, थांबलेली हालचाल. रडली नाही, आवाजही चढवला नाही. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं असतं, भाजीबद्दल बोलतायत. काव्याने आईचा हात धरला. उतरायचं स्टेशन निघून गेलं तरी दोघी बसून राहिल्या.

"मला भाऊ होता," एवढंच काव्या म्हणाली. इंग्रजीत नाही, मराठीत.

चार-पाच दिवसांनी तिने घरात जाहीर केलं, शिकागो. वासुदेवने रुवैसला कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना मिठाई वाटली. फोनवर त्याचा आवाज तरुण झाला होता. स्मितालाही आधी हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात यायला लागलं की काव्या तळ्यांबद्दल काही बोलतच नाही. पूर्वी जेवताना थांबवावं लागायचं तिला. आता विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि पुन्हा फोनमध्ये बघायची.

"तू माझ्यामुळे ड्युलुथ सोडलंस का?" स्मिताने एका संध्याकाळी विचारलं.

"आई, खलास. मी त्यांना नाही म्हणून कळवलंय."

"परत कळव. सांग, चूक झाली."

"आय डोन्ट वॉन्ट टू."

स्मिताने पिच्छा सोडला नाही. अखेर काव्याने ड्युलुथच्या प्राध्यापिकेला लिहिलं. उत्तर नम्र होतं. जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली होती. काव्याने ते आईला वाचून दाखवलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

त्या शनिवारी वासुदेव आला तेव्हा स्मिताने त्याला पायातले बूटही काढू दिले नाहीत.

"तुम्हाला नावाजलेलं शहर हवं होतं आणि मला माझी भीती घालवायची होती. तिचं मन मारलं आपण."

"अगं, शिकागो मिळालंय तिला. लोक तडफडतात त्यासाठी."

"लोकांचं मला सांगू नका! मी त्या पोराचं दुःख काढून तिच्यापुढे ठेवलं. ती दुसरं करणार काय होती? आणि त्या दिवशी जेवताना मी दवाखाना विचारला, तेव्हा तुम्ही हसलात."

वासुदेव दारातल्या स्टुलावर बसला. बुटाची नाडी सोडत म्हणाला, "मला गाडीतच कळलं होतं, स्मिता. तुझा हात एकदम सैल पडला होता. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो. नुसता यल्ला यल्ला करत राहिलो."

 इतकी वर्षं हे आपण एकटीनेच सोसलं असं ती धरून चालली होती. तिला राग यावा की रडू, ते तिला समजेना. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मग दोघंही रडली. काव्या बाहेरून आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती, दिवे लावायचे राहिले होते.

ऑगस्टमध्ये काव्या शिकागोला गेली. अभ्यास तिला जमला. शहराच्या जुन्या जलवाहिन्यांवर काम मिळालं, मैत्रिणी झाल्या. वासुदेव भेटेल त्याला शिकागोचं नाव सांगायचा, पण आता सांगताना बायकोकडे एकदा बघून घ्यायचा. स्मिता रोज फोन करायची आणि दर वेळी एकच विचारायची, "बरी आहेस ना? मनापासून आहेस ना तिथे?" काव्याची उत्तरं दिवसेंदिवस लहान होत गेली.

डिसेंबरात ती सुट्टीला आली. एका सकाळी स्मिता तिच्या केसांना तेल लावत होती. पुन्हा तोच प्रश्न तिच्या तोंडून निघाला.

काव्याने डोकं बाजूला घेतलं. "आई, दर वेळी विचारू नकोस ना. तू विचारलंस की मला वाटतं, तुझ्यासाठी तरी मी खूश असायला पाहिजे. काही दिवस असते. काही दिवस नसते."

स्मिताचे तेलकट हात तसेच अधांतरी राहिले. "बरं," ती म्हणाली. "नाही विचारणार."

काव्या पुन्हा तिच्याकडे पाठ करून बसली. स्मिताने केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली.