कुलूपरावांचा प्लंबर

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण पाठीमागे बायकोसुद्धा तेच म्हणायची. बरणी, फोन, कपाट, जिथे जमेल तिथे हा गृहस्थ कुलूप लावायचा. आणि अशा माणसाची वेबसाइट कुणीतरी राजरोस लुटावी, म्हणजे काय म्हणावं!

शहरातल्या प्लंबर, सुतार, वायरमनचे नंबर त्यांनी उन्हातान्हात फिरून, एकेकाचं काम पारखून गोळा केले आणि साइटवर टाकले होते. साइटवरच्या जाहिरातींवर घर चालायचं. पलीकडच्या गल्लीतला एक दीडशहाणा मात्र बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत सुटणारा प्रोग्राम, सोडून ती सगळी माहिती आयती उचलायचा आणि स्वतःच्या साइटवर डकवायचा. जाहिरातवाले तिकडे सरकू लागले, तसे कुलूपरावांचे धाबे दणाणले.

मग सुरू झाला बंदोबस्त. आत यायचं तर आधी वेडीवाकडी अक्षरं वाचा, मग चित्रांतल्या शिड्या ओळखा. नळ फुटून घरात तळं झालेला माणूस शिड्या ओळखत बसेल होय? गिऱ्हाइकं वैतागून गेली आणि कुलूपराव खूश, की गर्दी कमी झाली म्हणजे बॉट पळाले. धन्य आहे बाबा!

बॉट कसले पळतात? चोरी चालूच राहिली. तेव्हा त्यांनी सापळा लावला. माणसांना दिसणार नाही, फक्त बॉटला सापडेल असा एक खोटा प्लंबर साइटवर घातला आणि त्याच्या नावापुढे दिलेल्या नव्या नंबरचा फोन खिशात ठेवला. फोन वाजला की चोरी सिद्ध. आलेला फोन रेकॉर्ड करायचा, ते रेकॉर्डिंग जाहिरातवाल्यांना ऐकवायचं आणि गेलेल्या जाहिराती परत आणायच्या.

एका दुपारी ते ऑफिसात असताना फोन वाजला. कुलूपरावांना आभाळ ठेंगणं झालं. आवाज जाड करून म्हणाले, "बोला, प्लंबर."

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय," पलीकडे बायको होती. "महिनाभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडतेय, ह्यांना वेळ नाही."

कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी विचारलंच, "नंबर कुठून मिळाला?"

"पलीकडच्या गल्लीतल्यांच्या साइटवरून. आमच्या ह्यांच्या साइटने दोनदा हाकललं मला. म्हणे, तुम्ही माणूस नाही."

"पत्ता सांगा," कुलूपराव कसेबसे म्हणाले.

"अहो, आवाज बदलून काय होतंय? येताना पाना घेऊन या. दार उघडंच आहे, शिड्या ओळखायला लावणार नाही."

चोरीचा पुरावा अखेर हाती आला होता, शब्दन् शब्द रेकॉर्ड झालेला. तो आता जाहिरातवाल्यांना कुठल्या तोंडाने ऐकवायचा, या विवंचनेत कुलूपराव पाना शोधायला उठले. पाना कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सापडत नव्हती.