जैबुनने माफ केलेला मेहर

हिलाल पिंजारी व्याजाचा पैसा घरात येऊ देत नसत. एवढं सोडलं तर माणूस अगदी साधा. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्या भरायचं दुकान. मिलमधून निघालेल्या चिंध्या यंत्रात पिंजायच्या आणि गाद्या-उशांत भरायच्या, हा धंदा. उधारीवर गादी नेलेला माणूस समोरून आला की हिलालभाईच मान खाली घालून दुसरीकडे वळायचे. का, तर त्याला लाज वाटायला नको! मला असल्या माणसांचा रागच येतो. त्यांच्या चांगुलपणाचा भुर्दंड त्यांच्या बायकांना पडतो.

त्यांची बायको जैबुन. दोघी पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्या; ती पारोळ्याकडची, मी अमळनेरची. बोली एक असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचं जमलं. मी जयभीमवाली, ती पाच वेळची नमाजी, पण त्यावरून आमचं कधी अडलं नाही. बुद्धपौर्णिमेची खीर तिच्याकडे जायची आणि ईदचा शिरखुर्मा माझ्याकडे यायचा. अडायचं ते तिच्या हिशेबीपणावरून. वाटीभर साखर नेली तर दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत. मी चिडायचे, म्हणायचे, "तू शेजारीण शे का दुकानदारीण?" ती हसून म्हणायची, "व माय, मरण काय सांगीसन येस का? कोणानी बाकी डोक्यावर नको."

दोन वर्षांपूर्वी हिलालभाईंच्या यंत्राची मोटार जळली. कोपऱ्यावरचा फायनान्सवाला दुकानात येऊन बसला, सही करा आणि आजच पैसे घ्या म्हणाला. हिलालभाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. दुकान बंद, घरात चूल अर्धी बंद, तरी माणूस हटेना. शेवटी मीच साठ हजार दिले. साड्यांना टिकल्या चिकटवून साठवलेले, माझ्या मुलीच्या, मयुरीच्या, नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. माझ्या नवऱ्याला, भगवानला, यातलं काही ठाऊक नव्हतं. पांडेसऱ्याच्या मिलमधून तो पगार आणतो तो चांगला, पण त्याच्या हाती पैसा ठरत नाही, म्हणून माझी साठवण मी त्याच्यापासून लांबच ठेवते.

हिलालभाई कागद करायला आले होते. म्हणाले, देणंघेणं लिहून ठेवावं, साक्षीदार ठेवावेत, असं कुराणातच सांगितलंय. मी म्हटलं, कागद भगवानच्या हाती लागला तर माझ्या घरात काय होईल ते कुराणात नाही. जैबुन शेजारी उभी होती. तीच साक्षीदार, असं म्हणून आम्ही विषय संपवला. त्यानंतर ते जमेल तसे पैसे देत गेले. पंधरा हजार फिटले. मी मुदत विचारली नाही, त्यांनी तोंड चुकवलं नाही.

यंदा उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

मयतीला गल्लीतले सगळे पुरुष गेले. भगवानही गेला, मशिदीबाहेर उभा राहिला. घरी आल्यावर हात-पाय धुता धुता मला सांगत होता, "काय चांगली रीत शे त्यासनी! नमाजना आधी त्यासना पोरगा मुनाफ उभा राहिला. म्हने, अब्बाकडे कोणाचं देणं बाकी असेल तर मला सांगा, मी देईन, नाहीतर माफ करा. एक माणूस बोलना नही. बिनकर्जाचा गया हिलालभाई!" मी चुलीकडे तोंड करून उभी होते. काय बोलणार? ज्या रांगेत तो सवाल विचारला, त्या रांगेत बाई जातच नाही. आणि माझ्या घरात ज्याच्या कानावर तो पडला, त्याला कर्ज माहीत नाही. रागही कुणावर काढावा ते कळेना.

त्याच सकाळी, मयत उचलायच्या आधी, आणखी एक गोष्ट झाली होती. ती मी डोळ्यांनी पाहिली. बायका जैबुनला हिलालभाईंच्या उशाशी घेऊन गेल्या. एक म्हातारी तिच्या कानाशी म्हणाली, "मेहर माफ कर बेटी, हल्का होके जाने दे." मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच. लग्नात नवऱ्याने बायकोला कबूल केलेला मेहर म्हणजे त्याच्यावरचं कर्जच. जैबुनच्या बापाने दोन तोळे सोनं कबूल करून घेतलं होतं, कारण तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याने रिकाम्या हाताने हाकललं होतं. ते दोन तोळे हिलालभाईंना आयुष्यभर जमले नाहीत. जैबुन नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला कुणी काय म्हणतंय ते समजत तरी होतं की नाही, देव जाणे. ती म्हणाली, "माफ किया." बायकांनी निःश्वास सोडला, मग पुरुषांनी मयत उचलली.

इद्दत लागली. विधवेने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मी रोज जात होते. आठ-दहा दिवसांनी जैबुनने स्वतःच पंचेचाळीस हजारांचा विषय मुलापुढे काढला, माझ्यादेखत. मुनाफ इच्छापोरला कंत्राटावर कामाला आहे. पोरगा वाईट नाही, पण वैतागलेला. म्हणाला, "मम्मी, मस्जिद में सबके सामने पूछा था. तब कोई बोला?"

"ती कशी बोलनार? ती बाई शे!" जैबुन म्हणाली.

"कागज है? गवाह है?"

"मी शे ना."

"अकेली तू." एवढं बोलून तो मोबाईलमध्ये बघत बसला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला बघवतही नसावं. दुसऱ्या आठवड्यात त्याने पिंजायचं यंत्र विकलं. मला वाटलं, आता निदान थोडे तरी येतील. मग त्याच्या बायकोकडून कळलं, पैसे त्याच्या मोटारसायकलच्या आणि मोबाईलच्या थकलेल्या हप्त्यांत गेले. बापाने जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलेलं व्याज मुलगा खिशात घालून त्याच घरात राहत होता.

जैबुनने मौलानांना फोन लावला. पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलली. मौलाना भला माणूस. त्यांनी सांगितलं, कागद असो-नसो, देणं ते देणं, घेणारा कुठल्याही धर्माचा असो. आधी कर्ज फेडायचं, मग वाटणी. मुनाफला तेही सांगून झालं. तो म्हणाला, वाटायला उरलंय काय? मग जैबुनने मौलानांना पुन्हा फोन लावून हळूच विचारलं, माफ केलेला मेहर परत मागता येतो का? तो असता तर विकलेल्या यंत्रावर आधी तिचाच हक्क होता. त्यातून तिने माझे पैसे फेडले असते. मौलानांनी विचारलं, "किसी ने जबरदस्ती की थी?"

जैबुनने पदर आणखी पुढे ओढला. मग म्हणाली, "नही जी."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर खेकसले. "खोटं का बोलनी? त्या सगळ्या बायकांनी वदवून घेतलं तुझ्याकडून!"

"त्यासनी मना हात धरेल व्हता, वत्सला. डोळे पुसत व्हत्या मना. त्याले जबरदस्ती कशी म्हनू?"

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

परवा मी गेले तेव्हा ती खाटेवर ताठ बसली होती. मला समोर बसवलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "शहीदना बी सगळा गुन्हा माफ व्हतस, कर्ज नही व्हत. मना मालकना जीव अडकेल शे, वत्सला. फेडाले मनाकडे काहीच नही. अडचणीतल्याले सवड देणं पुण्य शे, आन् सोडी देणं त्यानाथून मोठं. तुले जमी का?"

या बाईने वाटीभर साखर कधी ठेवून घेतली नव्हती, आणि आज ती माझ्यापुढे हात पसरत होती. मला ते बघवेना. मयुरीची फी या महिन्यात भरायची आहे, नाहीतर पोरगी परीक्षेला बसणार नाही. पंधरा दिवस मी त्याच विवंचनेत आहे. तरी मी घाईघाईने म्हणाले, "माफ केलं जैबुन. सगळं माफ केलं."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आसं नको," ती म्हणाली. "आसं तर मी बी म्हनेल व्हतं."

मी उठून घरी आले. तेव्हापासून रोज तिच्याकडे जाते, चहा घेते, इकडचं तिकडचं बोलते. तो शब्द जिभेवर येतो आणि त्याच्या मागोमाग मयुरीचं तोंड येतं. जैबुनला मनापासूनची माफी हवी आहे, आणि ती माझ्या मनात नाही.