भांडणावर चार्ज होणारा फोन

चिकलठाण्याच्या पुढं नवीन प्लॉट पडले, तेव्हा आम्ही तिथं दोन खोल्या बांधल्या. नळ यायचा होता, रस्ता यायचा होता, सगळंच यायचं होतं. आला तो दुष्काळ. गल्लीतले बोअर एकामागून एक कोरडे पडले आणि सगळे टँकरवर आले. टँकरवाला जालना रोडवरून आत वळला की प्रत्येक गल्लीतल्या एका घरी फोन करायचा, आणि त्या घरानं बाकीच्यांना हाका मारायच्या. आमच्या गल्लीत हा मान आमच्याकडं होता. पण सकाळी गेलेली लाइट दुपार कलल्यावर यायची, आणि आमच्या फोनची बॅटरी इतकी थकलेली की चार्जरवरून काढला की थोड्या वेळात मान टाकायचा. एकदा तो असाच ऐन वेळी बंद पडला आणि टँकर पुढच्या गल्लीत रिकामा झाला. त्यानंतर बरेच दिवस बायका माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या.

आमच्या ह्यांनी उपाय काढला. कंपनीची बस सुरू झाल्यापासून त्यांची सायकल अंगणात धूळ खात होती. तिच्या मागच्या चाकाला त्यांनी डायनामो बसवला आणि कंपनीतल्या एका वायरमन मित्राकडून एक छोटी डबी बनवून आणली. डायनामोची वीज कधी कमी, कधी जास्त. ती या डबीतून निघाली की फोनला सोसेल अशी होते, असं त्यांनी मला समजावलं. एक वायर दिव्याला, एक फोनला. सायकल डबल स्टँडवर उभी, मागचं चाक अधांतरी. पायडल मारलं की डायनामो घुर्र करायचा, दिवा लागायचा आणि फोनच्या पडद्यावर बॅटरीच्या कांड्या हलायला लागायच्या.

हे कामावर गेले की पायडल माझ्याकडं. पहिल्याच दिवशी माझी साडी चेनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मला खालीही उतरता येईना आणि सासूबाई हसून हसून पायरीवर बसल्या.

"सर बाजूला," त्या म्हणाल्या. "माझ्या लुगड्याला काय धाड भरलीय ते बघू."

सासूबाई पिशोरच्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. पुढं मेंढरं विकली आणि त्या आमच्याकडं आल्या. सायकलवर कधी बसलेल्या नव्हत्या. पण नऊवारीचा काष्टा असा घट्ट की चेनच्या हाताला काही लागेना. पायरीवरून त्या सीटवर चढल्या, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सुरू झाल्या. सायकल जागची हलत नव्हती, तरी त्यांची नजर समोर, रस्त्यावर. फाटकासमोरून कुणी गेलं की घंटी वाजवायच्या. "सरका की! दिसंना व्हय?" समोरच्या घरातल्या भाभी दर वेळी दचकून खरोखर बाजूला व्हायच्या.

फोन चार्ज होता होता सासूबाई त्याच्यावरच, स्पीकर लावून, बोलायच्याही. त्यांची धाकटी बहीण देवगाव रंगारीला. आमच्या ह्यांची ही मावशी. ह्यांनी आमच्या आणि मावशींच्या फोनमध्ये आपसात फुकट बोलायचं कार्ड टाकून दिलं होतं. सुरुवातीला दोघी पाण्याचं, गुडघ्याचं बोलायच्या. तेवढ्या बोलण्यात पाय संथ चालायचे आणि दिवा काजव्याएवढा.

मग शेळीचं झालं. मेंढरं विकताना सासूबाईंनी एक लाडकी शेळी मागं ठेवली होती. दुष्काळात चारा मिळेना म्हणून ती मावशींकडं पाठवली होती. तिनं मावशींच्या कुंपणावर वाळत घातलेल्या नव्या लुगड्याचा पदर खाल्ला.

"माझी शेळी असलं खात नाय!" सासूबाई कडाडल्या. "तू उपाशी ठेवलं आसंल तिला!"

पलीकडून मावशींचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "उपाशी? माझ्या सुनंपेक्षा जास्ती खाती ती!"

"मग सुनंला दे की चारा जास्तीचा!"

डायनामो असा किंचाळायला लागला की मी बाहेर पळाले. दिवा आधी पिवळा, मग पांढराशुभ्र झाला आणि फट्‌कन उडाला. फोनच्या कांड्या मात्र भराभर चढत होत्या.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी भाभी स्वतःचा फोन घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, "आज अम्मा लड़ रहे क्या?"

"अजून नाही. शेळीपर्यंत पोचल्या नाहीत."

"तो मैं बैठती," म्हणून भाभी पायरीवर बसल्या. डबीला एका वेळी दोन फोन जोडता यायचे. तिसरा लावला की तिन्ही उपाशी राहायचे. म्हणून बायकांनी आपसात पाळ्या लावल्या. सासूबाई पदराच्या विषयावर आल्या की कुणीतरी कुजबुजायचं, "लावा, लावा!" सासूबाईंना वाटायचं, एवढ्या बायका आपली बाजू घ्यायला जमतात. त्यामुळं त्यांना आणखी जोर चढायचा.

एका सकाळी मावशींचा सूरच वेगळा होता. "अक्का, शेळी व्याली. दोन करडं झाली, दोन्ही पाटी. एक तुझी."

सासूबाईंचे पाय थांबले. डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं..." एवढंच म्हणाल्या, आणि पायडल थांबलं म्हणून आमचा म्हातारा फोनही तिथंच गेला. देवगावला मावशींना वाटलं, अक्कानं करडाचं ऐकूनसुद्धा तोंडावर फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी मावशी एसटीनं दारात हजर. काखेत करडू. सासूबाई सायकलवर, डबीला भाभींचा फोन.

"मी आले की पळतीस व्हय?" मावशींनी ओरडून विचारलं.

"कुठं पळती? उभीच हाय की!"

"पाय चालंत्यात, चाक फिरतंय, आन् म्हणती उभीच हाय!"

सासूबाईंनी खुलासा केला, तो मावशींना पटला नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "बस मागं, मग कळंल कुठं जाती ते." मावशींनी करडू माझ्या हातात दिलं आणि पायरीवरून कॅरियरवर चढल्या. तेवढ्यात आमचा फोन वाजला. टँकर वळला होता. मी गल्लीला हाका मारायला फाटक उघडलं. मावशी मागून सासूबाईंच्या कानात ओरडत होत्या, "पदर खाल्ला म्हंजे खाल्ला!" सासूबाईंनी रागानं पायडलवर अख्खा भार टाकला, स्टँड मागं सरकलं आणि फिरतं चाक जमिनीला टेकलं.

सायकल उघड्या फाटकातून अशी सुटली की मी करडू घेऊन भिंतीला चिकटले. पुढं उतार. सासूबाई घंटी वाजवतायत, मावशी त्यांच्या कमरेला मिठी मारून, आणि मागं वायरीला लोंबकळत भाभींचा फोन. भाभी त्या फोनमागं धावत. गल्लीच्या तोंडाशी बायकांनी घागरी, बादल्या, ड्रम ओळीनं मांडले होते. त्यातल्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या ड्रमांत सायकल घुसली आणि थांबली. ड्रम चहूकडं गडगडत गेले.

टँकरवाला खाली उतरला. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यानं दोघींना बघितलं आणि म्हणाला, "मावशी, लाइनमधी या की. एवढी काय घाई?"

आधी मावशी हसायला लागल्या, मग सासूबाई. त्या दिवशी सगळ्यात आधी पाणी आम्हाला मिळालं, कारण आमची सायकल लाइनीत सगळ्यात पुढं होती. भाभींच्या फोनवर एक चरा पडला, पण चार्ज पूर्ण झाला होता.

मावशी पुढं महिनाभर राहिल्या. शेळीचा विषय मिटला होता, त्यामुळं फोन कसेबसे अर्धे भरायचे. ह्यांनी सायकल खिडकीच्या गजाला बांधून टाकली. पण सासूबाईंना आता उभी सायकल बेचव लागायला लागली. "ती पळती तवा लई बरं वाटतं," म्हणाल्या आणि ह्यांच्यामागं लागल्या.

शेवटी हे सुट्टीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटांवर कॅरियर धरून त्यांच्यामागं धावायला लागले. सासूबाई शिकल्या, पण सरळ जाण्यापुरतंच. वळणं त्यांना कधी जमलंच नाही. सरळ जायच्या त्या पार जालना रोडच्या अलीकडच्या पिंपळापर्यंत. तिथं उतरायच्या, पारावर बसायच्या आणि तिथल्या कुणाचा तरी फोन मागून घरी लावायच्या, "या गं कुणीतरी. मला वळवा."