साडूंचा उलगडा

स्वतःला फसवून घ्यायला रोह्याहून एसटीनं पेणला जाणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच, आणि ते म्हणजे आमचे साडू. पेणच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एक मॅडम प्रयोगांसाठी माणसं बोलावतात. बाकीचे चहाबिस्किटांसाठी जातात, साडू जातात ते शेवटच्या दहा मिनिटांसाठी. पहिल्याच प्रयोगात पलीकडच्या खोलीतला माणूस साडूंच्या प्रश्नांना सारखी चुकीची उत्तरं देत होता. साडूंनी अशी शिवी हासडली, की शेजारच्या हमरापुरात कारखान्यांबाहेर वाळत ठेवलेल्या गणपतींनी सुपाएवढे कान झाकून घेतले म्हणतात! मग मॅडम समोर येऊन बसल्या. "काका, पलीकडे कुणीच नव्हतं, आवाज टेपवरचा होता. आम्ही मुद्दाम खोटं सांगितलं. का, तेही सांगते. तुम्हाला त्रास झाला का? काही विचारायचंय?" मॅडम याला डीब्रीफिंग म्हणतात, साडू 'उलगडा'.

"तीस वर्षं कंपनीत शिफ्टा केल्या," ते मला म्हणाले, "पन फसवल्यावर 'त्रास झाला का' म्हनून कुनी इचारलं नाय!"

तेव्हापासून ते जगाकडे उलगडा मागत सुटले. मासळीवालीला म्हणाले, "ताजी सांगून शिळी दिलीस. मुद्दाम का, तेवढं सांग."

"तुमचा तोंड बघून, काका!" तिनं तिथल्या तिथं उलगडा केला.

एका लग्नात वरबापाला गाठून त्यांनी 'मुलगा निर्व्यसनी' याचा उलगडा मागितला. त्या दिवशी आम्ही वडापाव खाऊन परतलो.

परवा आम्ही उभयता रोह्याला गेलो होतो. साडूंनी ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, खुर्चीत बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा करून दिला. मी उठू लागलो. "बस तू! आज सांगनार म्हंजे सांगनार." मग ताईंकडे वळले. "कंपनीनं घरी बसवल्यावर तीन महिने डबा घेऊन निघायचो, ते कामावर नाय. मुद्दाम खोटं बोललो. तू घाबरशील म्हनून." गणपतींना कान झाकायला लावणारे साडू मॅडमसारखे समोर येऊन बसले. "त्रास झाला का? काय इचारायचं हाय?"

आता कप फुटणार म्हणून मी पाय वर घेतले.

"जेवायचात कुठं?" ताईंनी विचारलं.

"नदीवर. घाटाच्या पायरीवर."

"एकटेच?"

"एकटाच," साडू म्हणाले. ताईंनी आपला कप त्यांच्यापुढे सरकवला.

परतीच्या एसटीत नागोठणं आलं तशी माझी बायको माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"छे!" मी म्हणालो, आणि अंबा नदीला किती पाणी आहे ते खिडकीतून बारकाईनं बघत बसलो. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं.