वाढवलेल्या बांगड्या
काल नातीची बांगडी फुटली आणि सवयीनं मी "वाढवली" म्हणाले, कारण आमच्या वेळी मोठ्या बायका 'फुटली' असं म्हणत नसत. "आजी, वाढली कुठं?" म्हणत ती हसली, आणि मला निजामाच्या राज्यातली आमची जाफराबादची शाळा आठवली, सारवलेल्या ओल्या जमिनीचा वास आणि गोष्ट वाचून दाखवणारे गुरुजी. गोष्टीतला गाडीवान कापूस भरून निघतो, चौथ्या दिवशी बैल एकटेच गाडी ओढत घरी येतात आणि सासू सुनेच्या बांगड्या वाढवते. गोष्ट तिथंच संपली. "मंग काय झालं?" गुरुजींनी विचारलं. मी बांगड्यांनी भरलेला हात वर केला आणि ठसक्यात म्हणाले, "सुनेला अजून बांगड्या भेटल्या!" शेजारी बसलेली माझी दहा वर्षांची मैत्रीण खाली मान घालून म्हणाली, "न्हाई गुरुजी, तिचा नवरा मेला." "असं कुठं लिव्हलंय?" गुरुजी म्हणाले. रोज शेजारी बसूनही मला कधी न दिसलेले भुंडे हात तिनं परकराच्या घोळात लपवले. "माझ्याबी अशाच वाढवल्या व्हत्या." माझा हात अजून वरच होता, आणि तो आवाज न करता खाली कसा घ्यावा, हे मला आजही उमगलेलं नाही.